खंडूचं लग्न आणि कंबरेचा मणका

मॅडम, नमस्कार.

आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. आमच्याकडे साडेतीन वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे, नाव खंडू. वजन ४४ किलो. माझ्या ऑफिसातला एक मित्र नेरूळला राहतो, त्याच्याकडे शेफर्डची मादी आहे. दिवाळीनंतर दोघांचं मेटिंग करायचं ठरलंय. पहिलं पिल्लू आमचं, असं बोलणं झालं आणि ते पिल्लू मी माझ्या बहिणीला कबूलही करून बसलो. मित्र म्हणाला, आधी खुब्याचे एक्स-रे काढून घे. काढले. डॉक्टर म्हणाले, उजवा खुबा चांगला आहे, डावा किंचित उथळ आहे. पण कंबरेचा शेवटचा मणका एका बाजूने वेगळा आहे, ‘ट्रान्झिशनल’ आहे, जन्मजात आहे, मेटिंग करू नका. एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. बाहेर पंधरा जण बसलेले, मलाही जास्त विचारता आलं नाही.

ज्यांच्याकडून खंडूला आणलं त्यांना फोन केला. ते म्हणतात, कागद आहेत, आईबाप शोमध्ये जिंकलेले आहेत, तुमच्याकडूनच कॅल्शियम कमी पडलं असणार. बायकोने हे फार मनाला लावून घेतलंय. खंडू लहानपणी हॉलच्या टाइल्सवर सारखा घसरायचा, त्यानेच झालं असं तिला वाटतं. आई म्हणते, मुक्या जनावराचे हाल बघवत नाहीत, त्याला शहापूरला मामाच्या शेतावर सोडून ये. आमच्या समोरच्या टॉवरमधला शेफर्ड नवव्या वर्षी मागून लुळा पडला होता, तो सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे.

तर प्रश्न असे : खंडू लुळा पडणार का? मेटिंग एकदाच केलं तर चालेल का? मित्राला सांगायलाच हवं का, कारण बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही. आणि आईची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून दिली तर चालेल का?

ता. क. : हल्ली गाडीत चढताना थांबतो. पुढचे पाय वर ठेवतो आणि आमच्याकडे बघत राहतो. शी करतानाही एका जागी बसत नाही, चार पावलं चालत चालत करतो. आळशी झालाय की वय झालं?

— एक वाचक, ठाणे

*

नमस्कार.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाक्यं तुम्ही ता. क. मध्ये ढकललीत. म्हणून मी उत्तर खालून वर लिहिते.

साडेतीन वर्षांच्या शेफर्डचं वय होत नाही, तो ऐन उमेदीत असतो. आणि आळशी कुत्रा गाडीत चढायचं नाही म्हणून पार्किंगमध्ये आडवा पडतो. पुढचे पाय सीटवर ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत नाही. खंडूला यायचंय. त्याला मागून ढकल मारता येत नाहीये, कारण ती मारताना दुखतंय. शी करायला बसतानाही कंबरेच्या त्याच सांध्यावर वाकून भार घ्यावा लागतो. तिथे कळ आली की कुत्रा उठतो, दोन पावलं टाकतो, पुन्हा बसायला जातो, पुन्हा उठतो. तुम्हाला तो चालत चालत करताना दिसतो. चढणं आणि बसणं, दोन्हीला कंबरेचा एकच सांधा लागतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रेमध्ये नेमकं त्याच जागी बोट ठेवलं होतं. त्यांनी बहुधा फक्त मेटिंगच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण तुम्ही तेवढंच विचारलं. गाडीची आणि शीची गोष्ट तुम्ही त्यांना सांगितली होती का? पत्रावरून तरी वाटत नाही.

म्हणजे खंडूच्या एक्स-रे फिल्मवर फक्त वेगळा मणका आहे असं नाही, त्याला त्रास सुरू झाल्याचा मला दाट संशय आहे. पुन्हा अपॉइंटमेंट घ्या. दिवाळीची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा. जाताना फोनवर व्हिडिओ काढून न्या : सपाट जागी तो तुमच्यापासून लांब जातानाचा, तुमच्याकडे येतानाचा, झोपेतून उठतानाचा, गाडीपाशी थबकल्याचा आणि शी करतानाचा. या शेवटच्या व्हिडिओला लाजू नका. दवाखान्यात आलं की कुत्री भीतीने ताठ होतात आणि नेमकं तेव्हाच चांगली चालून दाखवतात; माझं निम्मं निदान लोकांच्या फोनमधून होतं. मागच्या पायांची नखंही बघून ठेवा. मधली दोन नखं वरच्या बाजूने घासलेली असतील तर पाय फरफटतोय. डॉक्टर कंबरेच्या खालच्या टोकाला दाबून बघतील, शेपूट हळूच वर उचलतील, मागचा पंजा उलटा टेकवून तो किती पटकन सरळ करतो ते बघतील. जोडीला रक्त तपासतील, कारण आपल्याकडे गोचीडतापातही कुत्री अशीच जड जड चालतात आणि तो आधी बाजूला काढावा लागतो.

आता तो मणका. कुत्र्याला मानेत ७, छातीला १३ आणि कंबरेला ७ मणके असतात. त्यापुढचे ३ मणके पिल्लू वाढतं तसे एकमेकांना जुळून एकसंध हाड होतात; त्याला त्रिकास्थी म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना ओटीपोटाचं हाड पक्कं बसतं आणि मागच्या पायांचा जोर याच वाटेने पाठीत जातो. कधी कधी गर्भातच या हद्दीवर गोंधळ होतो. एखादा मणका धड कंबरेचा नसतो, धड त्रिकास्थीचाही नसतो. मुलुंड चेकनाक्याला अगदी हद्दीवर घर असलेल्या माणसासारखी त्याची गत होते, मतदान इकडे आणि पाण्याची लाइन तिकडची. दोन्ही बाजूंना सारखाच गोंधळ असेल तर निदान तोल तरी राहतो. खंडूचा मणका एकाच बाजूने वेगळा आहे. एका बाजूला तो ओटीपोटाच्या हाडाला जुळलाय, दुसऱ्या बाजूला मोकळा आहे. अशात ओटीपोटाचं हाड किंचित तिरकं बसतं आणि एका बाजूचा खुबा पुरेसा झाकला जात नाही. तुमच्या डॉक्टरांनी ‘डावा किंचित उथळ’ म्हटलं ते कदाचित यामुळेच. दोन निदानं म्हणून घाबरू नका, गोष्ट बहुतेक एकच आहे.

यात नुकसान कसं होतं? मोठ्या कुत्र्यात मज्जारज्जू कंबरेच्या शेवटच्या मणक्यांपाशी संपतो. तिथून पुढे नसांचा झुबका निघतो, घोड्याच्या शेपटासारखा, आणि वैद्यकात त्याचं लॅटिन नावही तेच आहे : कॉडा इक्वायना. मागचे पाय, शेपूट, लघवी आणि शी यांचा सगळा कारभार या झुबक्याकडे. वेगळा मणका त्रिकास्थीला जखडलेला असल्यामुळे त्याच्या डोक्याकडच्या बाजूच्या सांध्यावर जास्तीचा ताण येतो. तिथली गादी लवकर झिजते, फुगते आणि नसांवर दाब येतो. दुखणं आधी येतं. पाय फरफटणं, शेपूट लोंबणं, नकळत लघवी होणं हे सगळं बरंच नंतर, आणि सगळ्यांनाच होतं असंही नाही.

आकडे हवे असतील तर २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या पशुवैद्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. नसा दबलेली ९२ कुत्री आणि तुलनेला ४००० इतर कुत्री. दबलेल्यांपैकी १५ जणांना असा मणका होता, म्हणजे १६ टक्क्यांच्या वर. इतरांत हे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हिशोब मांडला तर असा मणका असलेल्या कुत्र्याला या दुखण्याचा धोका सुमारे ८ पट, आणि ते सुरूही एक-दोन वर्षं आधी होतं. शेफर्ड ही जातच या दुखण्याला जास्त बळी पडते, हेही त्याच पाहणीत दिसलं. आठ पट ऐकून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण मुळात दुखणं थोड्यांनाच होतं, त्याच्या आठ पट. असा मणका घेऊन म्हातारी झालेली आणि शेवटपर्यंत दारावरच्या कुरिअरवाल्यावर भुंकणारी भरपूर कुत्री आहेत. खंडू मात्र ज्यांना त्रास होतो त्यांच्यातला दिसतोय, म्हणून मी एवढी मागे लागलेय.

समोरच्या टॉवरमधल्या शेफर्डची गोष्ट वेगळी असू शकते. मी त्याला पाहिलेलं नाही. पण आठ-नऊ वर्षांचा शेफर्ड काहीही न दुखता हळूहळू मागून लुळा पडतो, तेव्हा पहिला संशय मज्जारज्जू झिजण्याच्या आजाराचा असतो, डीजनरेटिव्ह मायलोपॅथीचा. तोही आनुवंशिक आहे, त्याची डीएनए चाचणी होते, आणि त्यावर आजही उपचार नाही. खंडूचं वय साडेतीन आणि त्याला दुखतंय. ऐकायला विचित्र वाटेल, पण दुखतंय ही इथे त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. दुखण्यावर काम करता येतं.

काय काम? बहुतेक डॉक्टर सुरुवात अशी करतात : चार ते सहा आठवडे सक्तीची विश्रांती, कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक, गरज पडली तर नसांच्या दुखण्याचं औषध, आणि वजन. शेफर्ड नराचं प्रमाण वजन ३० ते ४० किलो मानतात. खंडू ४४. हाडापेराने मोठा असेल असं तुम्ही म्हणाल, सगळेच म्हणतात. बरगड्यांवर हात फिरवा. बोटांना बरगड्या लागत नसतील तर तो जाड आहे. वरचे चार-पाच किलो उतरले तर कंबरेला जो आराम पडेल तो गोळीनेही पडणार नाही. घरात त्याला कोण कोण काय देतं ते एक दिवस वहीत लिहून काढा. पार्ले-जीच्या पुड्याचा हिशोब साधारण आईंच्या खात्यात निघतो.

विश्रांती म्हणजे पिंजरा नाही. पट्ट्यावर, सपाट जागी, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्या. चेंडू, फ्रिस्बी, सोफ्यावरून उडी बंद. हॉलमध्ये त्याच्या रोजच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जुन्या सतरंज्या टाका, पंजामधले केस कापा. गाडीसाठी फळी करून घ्या. जाड प्लायवूडला जुनं कार्पेट ठोकलं की झालं, कुठलाही सुतार तासाभरात देतो. लिफ्ट बंद पडली तर पोटाखालून टॉवेलची झोळी धरून कंबर उचलून धरा. येऊरला नेत असाल तर ते थांबवा, चढ-उताराच्या वाटेसाठीही आणि बिबट्यासाठीही. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, कुत्र्याच्या फिरण्याची जागा नाही. पोहणं चांगलं, पण ते शिकवलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, कोमट पाण्याच्या हौदात. उपवनच्या तळ्यात नाही. त्या निसरड्या पायऱ्यांवर बऱ्या कंबरेचंही खरं नसतं.

एवढ्याने महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही, किंवा पाय फरफटायला लागला, तर एमआरआय. त्याला कुत्र्याला भूल द्यावी लागते, खर्चही बराच असतो, तेव्हा आधी नाही आणि उगाच नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि महालक्ष्मीचं टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय ही दोन मोठी नावं तुमच्या आवाक्यात आहेत. निघण्यापूर्वी फोन करून कुठे काय होतं ते विचारा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दुखऱ्या कुत्र्याला दोनदा नेणं हीच एक शिक्षा आहे. नसांवरचा दाब मोकळा करायची शस्त्रक्रिया होते आणि वेळेत झाली तर बहुतेकांना चांगला आराम पडतो. वेळेत म्हणजे लघवीवरचा ताबा जाण्याआधी. तो जाऊन महिना उलटला की परत येण्याची आशा बरीच कमी होते. त्यामुळे झोपल्या जागी ओलं दिसलं, चालता चालता शी गळून पडली, शेपूट हलेनासं झालं किंवा एकाएकी उठताच आलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. रविवार असला तरी.

आता लग्न.

मेटिंग करू नका. एकदाही नको.

खंडूच्या बाजूने आधी बघा. मेटिंगमध्ये नर मागच्या दोन पायांवर उभा राहतो, सगळा जोर कंबरेवर घेतो, आणि नंतर दोघं अडकून राहतात ते दहा मिनिटं, कधी अर्धा तास. ज्या कुत्र्याला गाडीच्या सीटवर चढवत नाही, त्याच्याकडून हे करून घ्यायचं? ‘नराला एकदा तरी मादी दाखवायला हवी, नाहीतर तो आजारी पडतो’ हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या सोसायटीत कोणीतरी म्हटलं असणारच. त्याला वैद्यकात काही आधार नाही. लग्न न झालेल्या नराला काहीही होत नाही. आयुष्यभर काहीही होत नाही. ती हौस आपली असते.

आता पिल्लांच्या बाजूने. हा मणका आनुवंशिक आहे. एकाच जनुकाचा खेळ असता तर सोपं होतं. तसं नाही, याची डीएनए चाचणीही नाही. सरळ दिसणाऱ्या आईबापांनाही असं पिल्लू होतं, आणि खंडूच्या सगळ्या पिल्लांना होईल असंही मी म्हणणार नाही. कदाचित सहा-आठांतली बरीचशी व्यवस्थित निघतील. पण ज्या नराच्या फिल्मवर तो दिसतोय आणि शिवाय ज्याला त्रासही आहे, त्याला बाप करणं म्हणजे माहीत असून वाटणं. आणि कुणाला वाटणं? पहिलं पिल्लू तुम्ही स्वतःच्या बहिणीला कबूल केलंय. ती कितव्या मजल्यावर राहते, लिफ्ट आहे की नाही, हे पत्रात नाही. चार वर्षांनी तिने तुम्हाला फोन करून विचारलं, ‘दादा, हा गाडीत चढत नाही रे, आळशी झालाय का?’ तर काय सांगाल?

यात मी सोवळी नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मीही मेटिंगपूर्वीच्या फिल्मवर फक्त खुबे बघायचे. खुबे चांगले की शेरा मारून मोकळी. ठाण्यातल्याच एका रॉटवायलरला मी असं प्रमाणपत्र दिलं होतं. काही वर्षांनी त्याचा मुलगा माझ्याच टेबलावर आला, मागून लटपटत. बापाची जुनी फिल्म मालकांनी जपून ठेवली होती. ती पुन्हा उजेडावर धरली तर मणका तिथेच होता, एका बाजूने जुळलेला. फिल्मने सगळं दाखवलं होतं, मी बघितलं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी तो खुब्याच्या फिल्मवर वेळेत टिपला. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं म्हणून रागावू नका. मला ते जमायला एक कुत्रा लागला.

मित्राला सांगायचं का? एक्स-रे काढ असं तुम्हाला सांगितलं कोणी? त्यानेच. शंभरातले नव्वद लोक मेटिंगआधी एवढंही विचारत नाहीत, ‘नर दिसायला कसा आहे’ यावर काम भागवतात. त्याने नीट विचारलं, मग उत्तर त्याला पोचायलाच हवं. बाहेरून दिसत नाही हे खरं, म्हणूनच तर फिल्म काढली. फोन करा, फिल्मचा फोटो पाठवा. सरळ सांगा, ‘तू एक्स-रे काढायला लावलास म्हणून कळलं. खंडूच्या कंबरेचा मणका जन्मजात वेगळा आहे, त्याला दुखतंयसुद्धा. मेटिंग नाही करत. तुझ्या मादीचेही काढून घे, आणि खुब्याबरोबर कंबरेचा शेवटचा सांधा फिल्ममध्ये दिसेल असे काढायला सांग.’ थोडा हिरमुसेल. पण ऑफिसात रोज समोर बसायचंय, आणि तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आज तुमच्याकडून कळलेलं बरं. पुढे त्याला दुसरा नर मिळाला आणि पिल्लं विकायची झाली, तर त्यालाही थोडी शिस्त पाळावी लागेल. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. त्यात विक्रीसाठी प्रजनन करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, मादी दीड वर्षाच्या आत चालत नाही, आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

बहिणीला सांगणं सगळ्यात सोपं. तिला कुत्राच हवा असेल तर रस्त्यावर जन्मलेली देशी पिल्लं ठाण्यात वर्षाचे बारा महिने घर शोधत असतात.

ब्रीडरने कॅल्शियमचा मुद्दा काढला तो वाचून मला हसू आलं आणि मग राग आला. हा मणका गर्भात घडतो. खंडू तुमच्या घरात आला तेव्हा तो तसाच होता. कॅल्शियम कमी पडल्याने तो होत नाही. उलट वाढत्या वयातल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम पाजलं तर हाडं बिघडतात. टाइल्सवर घसरल्यानेही तो होत नाही. मॅट मी आत्ता सांगितली ती दुखरी कंबर सांभाळायला. हा परिच्छेद वहिनींना वाचून दाखवा, किंवा पेपरच त्यांच्या हातात द्या. त्यांनी काहीही चुकवलेलं नाही.

राहिले कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद आजा-पणजा कोण ते सांगतो. मणका सांगायला फिल्मच लागते. आईबाप शोमध्ये जिंकले असतील, रिंगणात कुत्रा उभा करतात, आरपार बघत नाहीत. त्यांना भांडणासाठी नव्हे तर कळवण्यासाठी एकदा लेखी कळवा : खंडूची जन्मतारीख, फिल्मचा फोटो, डॉक्टरांचा शेरा, आणि त्याच जोडीची पुढची पिल्लं तपासून घ्या अशी विनंती. मानतील किंवा न मानतील. चांगला ब्रीडर अशा निरोपाची वहीत नोंद करतो. ही जात १८९९ मध्ये जर्मनीत माक्स फॉन स्टेफानित्झ यांनी नावारूपाला आणली, तेव्हा तिचं काम दिवसभर मेंढ्यांच्या कळपाभोवती दुडक्या चालीने फिरणं हे होतं. त्या कामात कंबर चालली नाही तर कुत्रा आपोआप बाजूला पडायचा. आपण कळप काढून घेतला आणि त्याला घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आणला. आता बाजूला काढायचं काम फिल्म बघून आपल्यालाच करावं लागतं.

नसबंदीचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. घाई नाही. त्याची हाडं वाढून झाली आहेत, त्यामुळे आता केली तर बिघडणार नाही, पण नंतर वजन चढतं आणि खंडूला ते परवडणारं नाही. आधी चार किलो उतरू द्या, मग तुमच्या डॉक्टरांशी बोला.

शहापूरचं शेत. आईंचा जीव तुटतोय म्हणून त्या बोलल्या, हे कळतं मला. पण ‘शेतावर सोडून ये’ हे शहरातल्या माणसांना वाटतं तितकं मोकळं आयुष्य नसतं. शेतावर बांध आहेत, ढेकळं आहेत, गावची कुत्री आहेत, त्यांच्याशी मारामाऱ्या आहेत, आणि रात्री कंबर आखडली तर बघायला कोणी नाही. साडेतीन वर्षं माणसांच्या पायाशी झोपलेला शेफर्ड तिथे चार दिवस गेटकडे तोंड करून बसेल. हाल बघवत नाहीत असं आईंना वाटतंय, तर त्यांना काम द्या. दर रविवारी त्याला वजनकाट्यावर घ्यायचं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा, ही जबाबदारी त्यांची. घरच्या काट्यावर आधी तुम्ही त्याला उचलून उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा; उचलताना एक हात छातीखाली आणि एक मांड्यांच्या मागून, पोटाला धरून लोंबकळत नाही. चव्वेचाळीस किलो आहेत, तेव्हा तुमचीही कंबर सांभाळा. नाहीतर दवाखान्यात गेल्यावर तिथल्या काट्यावर घ्या, कोणी पैसे मागत नाही.

ता. क. : आईंची गोळी अर्धी नाही, पावही नाही. माणसांच्या गुडघेदुखीत सर्रास असणारं डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठरात व्रण करतं आणि मूत्रपिंडं घालवतं. तापावरचं पॅरासिटामॉलसुद्धा मनाने द्यायचं नाही. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन या देशातली गिधाडं पार संपत आली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. तुम्ही आधीच एखादी दिली असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, कधी आणि किती ते. त्यावर लगेच कुत्र्याची वेदनाशामक गोळी पडली किंवा स्टेरॉइड दिलं गेलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि ते पाकीट टीपॉयवरून उचलून वरच्या खणात ठेवा. चढता येत नसलं तरी खंडूची मान टीपॉयपर्यंत पोचते.